पौर्णिमा वाचते

प्रार्थना झाली, सुविचार झाला, बातम्या वाचून झाल्या आणि डाखोरे सर व्हरांड्याच्या पायरीवर चढून म्हणाले, "शुक्रवारी आपल्या गावात चावडी वाचन आहे, अख्ख्या गावासमोर. बाहेरच्या जिल्ह्यातले शिक्षक आपली शाळा बघायला येऊन राहिले. त्यांच्यासमोर वाचणार कोण?"

"पौर्णिमा," सगळी शाळा एका सुरात बोलली.

"पौर्णिमा नागोसे. बरोबर. आणि या वेळी पुस्तक आपलं नाही. त्यांच्या मॅडम नवंकोरं पुस्तक घेऊन येणार. तिथंच उघडायचं, तिथंच वाचायचं."

टाळ्या पडल्या. मी सातवीच्या रांगेत उभी होते. शुक्रवार उजाडूच नये असं मला वाटलं. कारण सरळ होतं. मला वाचता येत नव्हतं.

हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्याकडे बघून विचारतात. सातवीपर्यंत पोचलीस आणि वाचता येत नव्हतं? हो, नव्हतं. मला सिकलसेल आहे, रक्ताचा जन्माचा आजार. पहिली आणि दुसरी मी शाळेत कमी आणि सरकारी दवाखान्यातल्या खाटेवर जास्त काढली. हातापायांत दुखणं उठायचं तेव्हा आई रात्रभर पोटऱ्या दाबत बसायची. त्या दिवसांत कुणाला नापास करत नसत, त्यामुळे वर्ग मला मागे न ठेवता आपल्याबरोबर ओढत पुढे घेऊन गेला. तिसरीत नीट यायला लागले तोवर बाकीच्यांची बाराखडी होऊन धडे सुरू झाले होते. मधेच हात वर करून 'बाई, हे काय आहे' असं कोण विचारणार? पोरं दात काढतील, या भीतीने मी गप्प बसले आणि गप्प बसणं अंगवळणी पडलं.

कान मात्र माझे तिखट. एकदा-दोनदा ऐकलं की धडा पाठ. माझ्या बाकावर करुणा बसायची. ती आधी वाचायची, मग माझी पाळी. ती वाचायची त्याच चालीवर, तिथंच थांबत, तिथंच श्वास घेत मी म्हणून दाखवायची. ओळीखालून बोट फिरवायची. परीक्षेत शेजारच्या पेपरावरची अक्षरं मी चित्रासारखी उतरवून काढायची. पास व्हायला तेवढं पुरत होतं.

आता डाखोरे सरांबद्दल. गावाचं नाव सांगत नाही, सर अजून नोकरीत आहेत. माणूस वाईट नव्हता. मला दोनदा स्वतःच्या मोटरसायकलवर दवाखान्यात नेलेलं आहे त्यांनी. पण त्या वर्षांत सगळ्या मास्तर लोकांना ब्लॉगचं वेड लागलं होतं, आणि आमच्या सरांना जरा जास्तच. शाळेत नेट मिळत नसे, म्हणून ते मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर चढून फोन वर धरून उभे राहायचे. ब्लॉगच्या खाली किती जण बघून गेले त्याचा आकडा फिरायचा आणि बाजूला देशांचे झेंडे दिसायचे. सर परिपाठाला सांगायचे, काल आपली शाळा कुणीतरी थेट कॅनडातून बघितली. आम्हाला कॅनडा कुठे हे माहीत नव्हतं, पण छाती फुगायची.

एक दिवस त्यांनी मला व्हरांड्यात उभं केलं, हातात मराठीचं पुस्तक दिलं आणि माझा व्हिडिओ काढला. सर माझ्या बाजूला उभे होते, फोन दुसऱ्या सरांच्या हातात. पान उलटायची वेळ आली की डाखोरे सरांचं बोट माझ्या खांद्यावर हलकंच टेकायचं. मला वाटायचं, शाबासकी देतायत. व्हिडिओ ब्लॉगवर गेला. नाव होतं 'पौर्णिमा वाचते'. खाली लिहिलं होतं म्हणे, आजारावर मात करून वाचणारी आमची विद्यार्थिनी. तो कुठेकुठे गेला. लोक फोन करायचे. मग इथल्या सगळ्या मुलांना वाचता येतं म्हणून शाळा 'प्रगत' जाहीर झाली, दारावर तसा फलक लागला आणि बाहेरचे मास्तर आमची शाळा बघायला येऊ लागले. ते आले की सर मला उभं करायचे. मी आमच्या पुस्तकातला धडा वाचून दाखवायची. आपलं पुस्तक, आपला धडा. निभावून जायचं.

आणि आता नवंकोरं पुस्तक.

मधल्या सुट्टीत मी टाकीकडे गेले. सर वरच्या पायरीवर फोन धरून उभे.

"सर, शुक्रवारी दुसऱ्या कुणाला उभं करा."

"का गं?"

"मले नाई जमणार."

"घाबरलीस? तू? अख्खा जिल्हा ओळखतो तुला."

"तसं नाई सर. मले वाचता—"

"पौर्णिमा." त्यांनी फोन खाली केला. माझ्याकडे बघितलं, मग आजूबाजूला बघितलं. "असं काही बोलायचं नसतं. जा, खिचडी खाऊन घे."

मी खिचडीच्या रांगेत जाऊन उभी राहिले. वाक्य पूर्णही होऊ दिलं नाही त्यांनी. मला वाटलं, त्यांना कळलंच नाही मी काय सांगत होते ते.

संध्याकाळी मी करुणाला गाठलं आणि खरं सांगून टाकलं.

"म्हणजे तू वाचतच नाईस?"

"नाई."

"आन व्हिडिओत?"

"तुहं ऐकून म्हटलं होतं."

"अव बाप्पा." ती खाली बसली. "इतके वर्सं मी तुह्या बाजूनं बसून राहिली आन मले मालूम नाई. एकदा मले वाटलं होतं तू माह्यापेक्षा चांगली वाचतं. मी घरी जाऊन रडली होती."

"आता काय करू ते सांग."

करुणा बिचारी मनाने चांगली. म्हणाली, शुक्रवारपर्यंत शिकवते तुला. टाकीमागे बसून तिने मातीत काडीने अक्षरं काढली. क, ख, ग. मग का, कि, की. मी म्हणत गेले. तिने हाताने सगळं पुसून उलटसुलट काढलं आणि विचारलं, हे काय? मला सांगता येईना. ओळीने आली तर मला सगळी अक्षरं यायची, कारण ती गाण्यासारखी पाठ होती. एकटं अक्षर समोर आलं की ते माझ्या ओळखीचंच नसायचं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी करुणाने काडी फेकून दिली.

"हे क हाय, पुनी. क. आत्ताच तं सांगतलं. आमच्या जान्हवीले येते हे, पहिलीत हाय थे."

"मंग जान्हवीलेच उभी करा चावडीवर."

"माह्यावर काहून चिडतं?"

मी तिच्यावर चिडले नव्हते. मला माझं डोकं फोडून आत काय आहे ते बघावंसं वाटत होतं. मी तिथेच मातीत बसून रडले, आणि करुणा माझ्या पाठीवर हात फिरवत, आपणच शिकवताना चुकलो असं काहीतरी म्हणत बसली.

"सांगून टाक सरले," ती शेवटी म्हणाली. मग जरा थांबून स्वतःच म्हणाली, "नको सांगू. फलक काढून नेतीन आपल्या शाळेचा."

मग माझ्या डोक्यात आलं ते आजही आठवलं की अंगावर काटा येतो. मला दुखणं उठलं तर? दुखणं उठलं की दवाखाना, आणि दवाखान्यात कुणी पुस्तक घेऊन येत नाही. जन्मभर ज्या दुखण्याला मी शिव्या दिल्या, ते यावं म्हणून मी गुरुवारी दिवसभर देवाला विनवत होते. थंडीत अंग गार पडलं की ते उठतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांनी आईला बजावून ठेवलं होतं, पोरीला गार पाणी लागू देऊ नका. शुक्रवारी पहाटे, जानेवारीच्या थंडीत, मी न्हाणीत गेले आणि रांजणातलं पाणी अंगावर घ्यायला सुरुवात केली. दात वाजत होते. मी मनात म्हणत होते, ये बाई, ये आता.

आई धावत आली. "काय करून राहिली व? मरायचं हाय का तुले?"

तिने मला ओढून बाहेर काढलं, स्वतःच्या लुगड्यात गुंडाळलं, चुलीपुढे बसवलं आणि तळपाय घासायला लागली. घासता घासता तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"आज नाई जात मी, आई," मी म्हटलं. "अंग दुखून राहिलं."

"कुठं दुखते?"

कुठेच दुखत नव्हतं. मेलं ऐन वेळी आलंच नाही. मी गुडघ्यावर बोट ठेवलं. आईने गुडघा दाबून बघितला. तिच्या हाताला माझं खरं दुखणं माझ्याआधी कळायचं. तिने उठून पेटीतलं नवं लुगडं काढलं, चावडीवर नेसून यायला.

"तुले सांगतो पुनी," ती म्हणाली. "तू लहान होती तं त्या दवाखान्यात एक बाई म्हणे, या पोरीच्या मागं कायले इतकी लागतं, हे काही जगत नाई. मी काहीच नाई बोलली. मले बोलता आलं नाई. आता त्या बाईले मी थो व्हिडिओ दाखवनार हाय एक दिवस. पाह्य म्हणा, वाचून राहिली माही पोरगी."

हे ऐकल्यावर मी काय बोलणार? मी दवाखान्याची रोजची पिवळी गोळी गिळली आणि गणवेश घातला.

ग्रामपंचायतीसमोरच्या ओट्यावर सतरंजी टाकलेली. माईक होता, पण दुपारी लाइट गेली म्हणून तो नुसताच उभा होता. समोर बाया, म्हातारे, शाळा. आई पुढच्याच रांगेत बसलेली, नवं लुगडं, मांडीवर हात. बाहेरून आलेल्या मॅडमचं नाव देवतळे. वय जास्त असेल असं वाटलं होतं, तर आमच्या पहिलीच्या उईके बाईंएवढ्याच होत्या. त्या माझ्या शेजारी येऊन सतरंजीवर बसल्या आणि पिशवीतून एक पातळ, रंगीत पुस्तक काढलं. कागदाला अजून छपाईचा वास येत होता.

"वाच हं, बेटा. घाई नाही," त्या म्हणाल्या.

डाखोरे सर ओट्याखाली फोन धरून उभे राहिले. त्यांचं बोट आज माझ्या खांद्यापर्यंत पोचणार नव्हतं.

मी पुस्तक उघडलं. डावीकडे चित्र, उजवीकडे अक्षरांच्या मुंग्यांची रांग. चित्रात एक मुलगी होती, डोक्यावर भांडं. दुसरीकडे एक झाड, झाडावर काळा पक्षी. समोर आई. मी बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि तोंड उघडलं.

"एका गावात एक मुलगी राहत होती," मी म्हटलं. "तिला रोज पाण्याला जावं लागे."

आणि ती गोष्ट मी पुढे पुढे म्हणत गेले. मुलीला पक्षी भेटला. पक्षी म्हणाला, तुझ्या भांड्याला भोक आहे, तू रोज रिकामीच घरी जातेस. मुलगी म्हणाली, मला माहीत आहे, पण कुणाला सांगू नकोस. पुस्तकातल्या भाषेत, पुस्तकातल्या चालीवर, जिथे थांबायचं तिथे थांबत. बोट ओळीखालून फिरत होतं. बाया गप्प होऊन ऐकत होत्या. एक म्हातारी 'अगा माय' म्हणाली. आईने पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, निभावलं. मग मी पान उलटलं आणि माझ्या लक्षात आलं, की शेजारी बसलेल्या मॅडम पुस्तकाकडे बघत नाहीयेत. त्या माझ्याकडे बघतायत.

शेवटचं पान झालं. टाळ्या पडल्या. मॅडमनी पुस्तक माझ्या हातातून न घेता मधलं एक पान उघडलं आणि अगदी हळू, माझ्यापुरतं विचारलं, "यातला तुला आवडलेला एक शब्द दाखव."

मी एका शब्दावर बोट ठेवलं.

"कुठला आहे तो?"

"पाणी," मी म्हटलं.

त्यांनी शब्दाकडे बघितलं. मला वाटलं, आता उठून सांगणार सगळ्यांना. मी आईकडे बघितलं. ती शेजारणीला काहीतरी सांगत हसत होती. मॅडमनी पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं.

"छान आहे शब्द," त्या म्हणाल्या. "पुस्तक तुला राहू दे."

तो शब्द 'आणि' होता. मला ते पुढच्या पावसाळ्यात कळलं.

पाहुण्यांना चहा दिला. मी ग्रामपंचायतीच्या मागच्या बाजूला जाऊन भिंतीला टेकून बसले. कोपऱ्याच्या पलीकडे मॅडम आणि आमचे सर बोलत होते. मी तिथे आहे हे त्यांना दिसत नव्हतं.

"सर, ती मुलगी वाचत नाही हो," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, आता सर थक्क होतील. शक्यच नाही म्हणतील. मला हाक मारतील.

"माहीत आहे मला," सर म्हणाले.

"कधीपासून?"

"व्हिडिओच्या आधीपासून. वर्गात पुस्तक उलटं दिलं होतं तिला एकदा. तशीच वाचत होती."

"मग?"

"मग काय मॅडम. दवाखान्यातून उचलून आणलेली पोरगी ती. चार लोकांनी टाळ्या वाजवल्या तिच्यासाठी, आई खूश आहे. कुणाचं काय बिघडलं?"

"तुम्ही तिला शिकवलं का नाही?"

"शाळा प्रगत जाहीर झाली ना आता. आमच्या यादीत एकही मूल मागे नाही. हिला बाराखडीला कुठल्या तासाला बसवू? कुणी बघितलं तर काय सांगू?"

"हे आजचं तरी ब्लॉगवर टाकू नका," मॅडम म्हणाल्या. यावर सरांचं उत्तर मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मी कोपरा ओलांडून पुढे झाले. सर हातात रिकामा कप घेऊन उभे होते. मला बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुमाले मालूम होतं?"

"पौर्णिमा, हे बघ—"

"बोट लावत होते तुमी खांद्यावर. पान उलटायले."

मी आठवडाभर ज्यांच्यापासून लपवत मरत होते, त्यांना सुरुवातीपासून माहीत होतं. पहाटे अंगावर घेतलेलं ते गार पाणी आठवून मला इतका संताप आला की हातातलं पुस्तक त्यांच्या अंगावर फेकावंसं वाटलं. पण माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"मंग शिकवा ना मले, सर. कोनाले नाई सांगत मी. शाळा सुटल्यावर शिकवा. आमच्या घरी येऊन शिकवा."

"आता कसं शिकवू, बेटा?" सर म्हणाले. ते रागाने नाही बोलले, थकल्यासारखे बोलले. "तुला तर येतं वाचता. सगळ्या जगाने बघितलंय."

ते गेले. मी पुस्तक छातीशी धरून घरी आले. आईने गल्लीतल्या बायांना चहाला बोलावलं होतं. त्यांनी मला पुन्हा एकदा ती गोष्ट वाचायला लावली. भांड्याला भोक असलेल्या मुलीची. मी वाचली.

शनिवारी सकाळची शाळा. परिपाठ झाला, सगळे आपापल्या वर्गात गेले. करुणा म्हणाली, "चाल ना व." मी म्हटलं, "तू हो पुढं." दप्तर घेऊन मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि पहिलीच्या वर्गात शिरून जमिनीवरच्या टाटपट्टीवर बसले. शेवटी नाही, अगदी पुढे, फळ्यासमोर. माझे गुडघे त्या पोरांच्या खांद्यापर्यंत येत होते.

उईके बाई फळ्यावर तारीख लिहीत होत्या. वळून म्हणाल्या, "काय व पौर्णिमा? सरांनी काही सांगतलं का?"

"नाई बाई. मी शिकाले बसली. मले वाचता येत नाई."

"काहीतरीच काय बोलतं?"

"खरंच नाई येत. मले अ पासून शिकवा."

वर्ग खिदळला. शेजारच्या वर्गातला आवाज बंद झाला, कारण मी मोठ्याने बोलले होते. मला मोठ्यानेच बोलायचं होतं. बाईंच्या हातात खडू तसाच राहिला. त्यांनी दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जा बेटा आपल्या वर्गात. तमाशा होईन."

"होऊ द्या," मी म्हटलं. मी पट्टीला चिकटून बसले होते. उचलून नेलं असतं तरच तिथून हलले असते.

तेव्हा करुणाची बहीण, जान्हवी, सरकत सरकत माझ्याजवळ आली. तिच्या पुढच्या दातांच्या जागी खिडकी होती. तिने आपली पाटी माझ्या मांडीवर ठेवली, एका अक्षरावर बोट टेकवलं आणि बाईंसारखा आवाज काढून म्हणाली, "हा ग. म्हण."

"ग," मी म्हटलं.

"मनात नाई. मोठ्यानं."

"ग."

"आता तू काढ."

मी पेन्सिल घेतली. ती माझ्या हातावर आपला चिमुकला हात ठेवून ते वळण काढून घेत होती. तेवढ्यात दारात सावली पडली. डाखोरे सर उभे होते. त्यांच्या मागे करुणा, तिच्या मागे निम्मी सातवी. मला वाटलं, आता दंडाला धरून ओढणार. मी जान्हवीच्या पाटीवरची पकड घट्ट केली आणि मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

सरांनी खिशातून फोन काढला. तो वर धरला, फोटो काढला, आणि फोन खिशात ठेवून उईके बाईंना म्हणाले, "राहू द्या बाई. बसू द्या तिला. रोज एक तास बसू द्या."

एवढं बोलून ते निघून गेले. मी ढसाढसा रडले. त्या माणसाविषयी मला आदल्या दिवशी जेवढा राग आला होता, तेवढीच माया त्या क्षणी दाटून आली. वाटलं, शेवटी त्यांना लाज वाटली. फलकाची पर्वा न करता त्यांनी मला बसू दिलं.

मी रोज बसले. सातवी संपेपर्यंत पहिलीच्या वर्गात, आणि सुट्टीत करुणाच्या घरी जान्हवीसमोर. कठीण गेलं, फार कठीण गेलं, पण पुढच्या पावसाळ्यात मी देवतळे मॅडमचं ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात भांड्याला भोक नव्हतंच. साधी गोष्ट होती, मुलगी पाणी आणते आणि झाडाला घालते. मी आईला खरी गोष्ट वाचून दाखवली. ती म्हणाली, "आधीची चांगली होती."

आता मी डीएड करते. आमच्या अध्यापक विद्यालयातल्या एका मॅडमनी प्रत्येकीला ब्लॉग उघडायला लावला आहे. पहिला लेख, माझं वाचन आणि माझं शिकणं. मी विचार करत बसले होते, तेवढ्यात वर्गातली एक मुलगी फोन घेऊन आली. "अगं, तुझ्या शाळेचा जुना ब्लॉग सापडला मला. तू तर लहानपणापासूनच शिक्षिका."

मी फोन हातात घेतला. इतक्या वर्षांत तो ब्लॉग मी कधी उघडून बघितला नव्हता. बघायची भीती वाटायची म्हणा. खाली आकडा अजून फिरत होता, झेंडेही होते. फोटोत मी होते, गुडघे वर आलेले, शेजारी खिडकी पडलेल्या दातांची जान्हवी, आणि मांडीवर पाटी. फोटोखालची ओळ मी वाचली. आता मला वाचता येतं, कुणाचं ऐकावं लागत नाही. लिहिलं होतं, 'आपला तास सोडून पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवणारी आमची पौर्णिमा.' तारीख त्याच शनिवारची होती.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मैत्रीण विचारत होती, काय झालं गं. खाली टिप्पणीची चौकट होती. त्यात मी टाइप केलं, 'सर, या फोटोत पाटी जान्हवीची आहे. ती मला ग शिकवते आहे. पौर्णिमा नागोसे.' आणि पाठवलं.

पडद्यावर एक ओळ उमटली, 'आपली टिप्पणी ब्लॉगमालकाच्या मंजुरीनंतर दिसेल.'

मी रोज उघडून बघते. अजून दिसलेली नाही.